मृत्युनिरूपण आणि मरीआईचा गाडा

उत्तर मध्ययुगीन युरोपच्या वाङ्मयाचा आणि कलेचा विचार करताना एक प्रमेय जवळजवळ गृहीतासारखे वापरले जाते. १३४७ ते १३५१ या काळात प्लेगने युरोप उद्ध्वस्त केला. या संहाराने श्रद्धा हादरली. आणि त्या हादऱ्यातून मृत्यूचे एक नवे वाङ्मय, नवे चित्र आणि नवे धर्माचरण जन्माला आले. योहान हुइझिंगा यांनी १९१९ साली मध्ययुगाच्या उतरणीचे जे चित्र रंगविले त्यात मृत्यूच्या ध्यासाला मध्यवर्ती स्थान होते. मिलार्ड मीस यांनी १९५१ मध्ये फ्लॉरेन्स आणि सिएना येथील चित्रकलेतील बदल थेट महामारीशी जोडला. हे प्रमेय मराठीत आले ते दोन रूपांत. एक रूप तक्रारीचे आहे: आपल्याकडे इतके दुष्काळ, इतक्या साथी येऊन गेल्या, तरी बोकाचिओच्या 'डेकामेरॉन'सारखी एकही कृती का निर्माण झाली नाही? दुसरे रूप समाधानाचे आहे: अशी कृती आहे, ती 'दासबोधा'तील मृत्युनिरूपणाचा समास होय, आणि १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळाचा तो वाङ्मयीन पडसाद आहे. तक्रार आणि समाधान यांच्या तळाशी एकच समजूत आहे. आपत्ती आली की तिचे वाङ्मय येते, असे दोन्हींत धरलेले आहे. ही समजूत तपासल्याखेरीज मराठीतील महामारीचा शोध योग्य जागी सुरू होऊ शकत नाही.

प्रथम युरोपचेच पाहू. पिसा येथील कांपोसांतोच्या भिंतीवरील 'मृत्यूचा विजय' हे चित्र दीर्घकाळ प्लेगोत्तर मनःस्थितीचा पुरावा म्हणून दाखविले जात असे. पुढे ते बुफाल्माकोचे आणि १३३० च्या दशकातील ठरले. म्हणजे प्लेग पिसात पोहोचण्यापूर्वीच मृत्यू त्या भिंतीवर विजयी झालेला होता. तीन जिवंत आणि तीन मृत यांच्या भेटीची कथा तेराव्या शतकातील आहे. एलिनां द फ्रुआमाँ या सिस्टर्शियन मठवाश्याने बाराव्या शतकाच्या अखेरीस मृत्यूला उद्देशून जे पद्य रचले त्यात पोप, कार्डिनल, बिशप, राजे यांच्या दारी मृत्यूला धाडलेले आहे. ज्याला पुढे 'मृत्यूचे नृत्य' म्हटले गेले त्याची बीजरचना अशी प्लेगच्या दीडशे वर्षे आधी सिद्ध होती. प्लेगने ती वापरात आणली, भिंतीवर मोठी केली, छापखान्यापर्यंत नेली, इतके म्हणता येईल. पण वापर आणि उत्पत्ती या भिन्न गोष्टी आहेत. मरणाची वर्णने करण्याची जी रीत प्रवचनकारांच्या हाती आधीपासून होती तीच प्लेगच्या काळी उपयोगी पडली. साथ विषय पुरविते. आकार परंपरेकडून घ्यावा लागतो.

आता 'दासबोधा'कडे वळावे. तिसऱ्या दशकाचा नववा समास मृत्युनिरूपणाचा आहे. त्याची रचना अत्यंत साधी आणि म्हणूनच परिणामकारक आहे: एकेका मनुष्याचे नाव घ्यायचे आणि मृत्यू त्याचा मुलाहिजा करीत नाही असे बजावायचे. या यादीत चक्रवर्ती आहेत, हत्ती-घोड्यांचे धनी आहेत, राजकारणी आणि वेतनदार आहेत, देसाई आहेत, शिक्क्याचे अधिकारी आणि व्यापारी आहेत; पंडित, पुराणिक, वैदिक, अग्निहोत्री, योगी, संन्यासी आहेत. एकच वाक्यबंध पुनःपुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी एक पदवी गळून पडते. पॅरिसमधील निष्पाप बालकांच्या नावाच्या दफनभूमीच्या भिंतीवर १४२४-२५ मध्ये जे मृत्यूचे नृत्य रंगविले गेले तेथेही हेच घडते. पोप, सम्राट, कार्डिनल, राजा असे एकाआड एक धर्माधिकारी आणि लौकिक पुरुष मृताचा हात धरून चालतात. ती भिंत १६६९ साली पाडली गेली, पण ग्युयो मार्शां याने १४८५ मध्ये छापलेल्या पुस्तकामुळे तिची कल्पना येते. दोन्ही संहितांमधील साम्य वरवरचे नाही. पदांची उतरंड आधी मांडायची आणि मग ती सपाट करायची, हा दोन्हींचा व्यापार एक आहे.

या साम्यातून कोणता निष्कर्ष काढावयाचा? पॅरिसचा चित्रकार आणि गोदाकाठच्या जांब गावी १६०८ मध्ये जन्मलेला रामदास यांच्यात देवघेवीचा प्रश्नच उद्भवत नाही. दोघांच्या पाठीशी समान महामारी होती असेही म्हणता येत नाही. दख्खनच्या मध्ययुगात गाठीच्या प्लेगचा पुरावा फार विरळ आहे. १३३० च्या दशकाच्या मध्यास महंमद तुघलकाच्या तेलंगणातील सैन्यात मोठी साथ पसरली, सुलतान स्वतः आजारी पडला आणि माघारी दौलताबादेस आला. याच परतीच्या वाटेवर त्याचा पडलेला दात बीडजवळ पुरला गेला आणि त्यावर घुमट उभारला गेला. तो आजही दाखविला जातो. एका दाताचे स्मारक आहे आणि साथीत मेलेल्या सैनिकांचे नाही, ही बाब जाता जाता नोंदवून ठेवावी. पण ती साथ म्हणजे युरोपात गेलेलाच प्लेग होता असे जे पूर्वी लिहिले जाई त्याला आधार नाही. फारसी तवारिखांतील 'वबा' हा शब्द कोणत्याही साथीला लागतो. १३४७ नंतरचा काळा मृत्यू हिंदुस्थानात आला होता, असे मानण्यास समकालीन साधने पुरेशी नाहीत, हे अलीकडील इतिहाससंशोधनाने स्पष्ट केले आहे. गाठीच्या रोगाचा निःसंदिग्ध उल्लेख दख्खनमध्ये मिळतो तो फार उशिरा, १६८८ च्या सुमारास औरंगजेबाच्या विजापूरच्या मुक्कामी; औरंगाबादी महल ही त्याची बेगम त्यातच मरण पावली. रामदासांचे निर्वाण १६८१ चे आहे.

दख्खनची मध्ययुगीन आपत्ती मुख्यतः दुष्काळाची आहे. परंपरेने १३९६ पासून बारा वर्षे सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ, आणि १६३० ते १६३२ चा दुष्काळ, ज्यात तुकारामांच्या घरातील माणूस अन्नावाचून गेल्याचे त्यांनीच सांगितले आहे. रामदासांनीही दुष्काळ आणि परचक्र यांवर स्वतंत्रपणे लिहिले आहे. 'अस्मानी सुलतानी' आणि 'परचक्रनिरूपण' ही प्रकरणे त्याचा पुरावा होत. 'अस्मानी सुलतानी' ही जोडी मुळात महसुली व्यवहारातील आहे. आभाळाने बुडविले की सत्तेने, यावर सुटीचा विचार होत असे. म्हणजे प्रत्यक्ष आपत्ती लिहावयाची तेव्हा रामदास तिच्याच भाषेत, कुळांच्या आणि धान्याच्या भाषेत लिहितात. मृत्युनिरूपणाचा समास त्या भाषेत नाही. त्याला दुष्काळाचा पडसाद म्हणणे हे रामदासांनी स्वतः जपलेला भेद पुसून टाकण्यासारखे आहे. या समासाचा वंश कीर्तन-प्रवचनातील वैराग्योपदेशाचा आहे, जसा पॅरिसच्या भिंतीचा वंश भिक्षूंच्या प्रवचनांचा आहे. श्रोता समोर बसलेला असतो, त्याच्या अंगावर काही पदवी असते, आणि ती पदवी क्षणभर उतरवून घ्यावयाची असते.

तरीही एक फरक डोळ्यांआड करून चालणार नाही. पॅरिसच्या मिरवणुकीत नांगर धरणारा शेतकरी आहे, आणि मृत्यू त्याला सांगतो की जन्मभर कष्टलेल्या माणसाने मरणाचा संतोष मानावा, कारण ते त्याला मोठ्या चिंतेतून सोडविते. मृत्यूच्या समतेतही कष्टकऱ्याचा अनुभव वेगळा आहे, याची जाणीव त्या एका आकृतीत डोकावते. 'दासबोधा'च्या यादीचा भर मात्र सत्ता, संपत्ती, विद्या आणि तप यांच्या धन्यांवर आहे. ज्याच्यापाशी काही आहे त्याच्यापासून ते काढून घेता येते; ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला या रचनेत कसे बसवावे, हा प्रश्न उरतो. वर्णाचा उल्लेखही या समासात येतो, पण तोही मृत्यूपुढे गळून पडणारी एक बाब म्हणून. समता येथे मरणोत्तर आहे. मरेपर्यंतच्या व्यवस्थेला तिने धक्का लागत नाही.

याच दशकातील सहावा, सातवा आणि आठवा हे तीन समास या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहेत, आणि समीक्षेचे त्यांच्याकडे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही. येथे तापत्रयाचे विवेचन आहे. सांख्य परंपरेत आध्यात्मिक ताप म्हणजे स्वतःच्या शरीरातून आणि मनातून उपजणारे दुःख; आधिभौतिक म्हणजे माणसे, पशू, सर्प इत्यादी इतर प्राण्यांपासून होणारे; आणि आधिदैविक म्हणजे ग्रह, यक्ष-राक्षस, थंडी, वारा, पाऊस, वीज यांपासून कोसळणारे. या तिसऱ्या खणाचा विशेष असा, की त्यातील दुःख एकट्यादुकट्यावर येत नाही. वीज एखाद्यावर पडेल, पण अवर्षण गावावर येते. एकाच वेळी अनेकांना गाठणाऱ्या आपत्तीला तात्त्विक जागा असेल तर ती येथे होती. पॅरिसच्या वैद्यकशाखेने १३४८ मध्ये प्लेगची मीमांसा केली ती नेमकी अशाच खणात: १३४५ च्या मार्चमध्ये शनी, गुरू आणि मंगळ यांची कुंभ राशीत युती झाली, हवा दूषित झाली आणि सर्वांना बाधली. मीमांसा चुकीची होती, पण आपत्ती सामुदायिक आहे हे तिने जाणले होते.

रामदास हा तिसरा खण बदलतात. त्यांच्या मते शुभाशुभ कर्मानुसार देहान्ती भोगावी लागणारी यमयातना म्हणजे आधिदैविक ताप. आभाळातून सर्वांवर पडणारे दुःख त्या जागेवरून हलविले जाते आणि तेथे प्रत्येकाच्या स्वतंत्र कर्माचा स्वतंत्र हिशेब बसतो. मधल्या खणात सर्प-विंचवांच्या जोडीला चोर येतात, माराचे नाना प्रकार आणि अवयवच्छेद येतात. सतराव्या शतकातील राजदंडाची इतकी निर्विकार यादी मराठीत क्वचितच आढळेल. पहिल्या खणात रोग येतात. आणि येथे, खरूज, खवडे, नारू यांच्याच रांगेत, देवी आणि गोवर बसलेले आहेत.

या एका स्थाननिश्चितीवर थोडे थांबणे आवश्यक आहे. 'देवी' हा शब्द लोकव्यवहारात रोगाचे नाव म्हणून वापरला जात नव्हता. ते रोग होऊन आलेल्या देवतेचे नाव होते. देवी 'येतात', त्यांचा मान ठेवावा लागतो, दाराला कडुनिंब बांधावा लागतो, घरात फोडणी घालावयाची नाही, त्यांना शांत करून निरोप द्यावयाचा. मूल आजारी आहे असे न म्हणता घरी पाहुणी आली आहे असे म्हणावयाचे. रामदास शब्द लोकांचाच घेतात, पण त्यातून देवता वजा करतात. उरते ती त्वचेवरील पुळी, देहातील विकार. एका अर्थाने हा विलक्षण विवेक आहे, आणि रामदासांच्या बुद्धिवादाचे कौतुक करणाऱ्यांना येथे चांगला आधार सापडेल. पण या वजाबाकीत देवतेबरोबर आणखी एक गोष्ट निघून जाते: साथ. खरूज एकाची असते; देवी आळीच्या, वाडीच्या, पंचक्रोशीच्या असतात. लोकभाषेने देवतेच्या रूपाने का होईना, हे सामुदायिकत्व सांभाळले होते. ग्रंथाने रोगाला देहाच्या सीमेत आणले आणि समाजाचा प्रश्न श्रोत्याच्या वैराग्याचा प्रश्न केला. दशकाची सगळी बांधणीच याला अनुकूल आहे. जन्मदुःखापासून वार्धक्यापर्यंत एका कुटुंबवत्सल गृहस्थाचे चरित्र आधी सांगून झालेले असते. ताप आणि मृत्यू त्याच्याच वाट्याला येतात. दुःखाचे परिमाण येथे गृहस्थ हे आहे, गाव नव्हे.

गावाचे दुःख मग कोठे गेले? त्याचे उत्तर ग्रंथात शोधून मिळणार नाही. ते गावकुसाबाहेरच्या मरीआईच्या ठाण्यापाशी मिळते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तिवाठ्या-चौवाठ्यांवरील मातृदेवतांचा माग काढला आणि रा. चिं. ढेरे यांनी लोकदेवतांच्या उपासकांचा; त्यामुळे या जगाकडे अंधश्रद्धेचा अडगळखाना म्हणून पाहण्याची सोय आता राहिलेली नाही. येथे मांडावयाचा मुद्दा मात्र दैवतशास्त्राचा नसून अर्थव्यवहाराचा आहे. साथ आली की मरीआईचा लहानसा गाडा सजवावयाचा, त्यात देवी बसवावयाची, नैवेद्य ठेवावयाचा आणि वाजतगाजत गावाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडावयाचा. शेजारच्या गावाने तो रातोरात आपल्या शिवेतून पुढे ढकलावयाचा. हा विधी एक संपूर्ण विधान आहे. आपत्ती गावाची आहे, तिला जागा असते, तिला हलविता येते. आणि तिचा नाश होत नाही, ती केवळ दुसऱ्याची होते. जांबच्या परिसरापासून कोल्हापूरपर्यंत या विधीचे तपशील बदलतील, पण हे व्याकरण फारसे बदलत नाही.

या देवीचा उपासक पोतराज. कमरेला चिंध्यांचा घेर, वाढविलेले केस, कपाळी मळवट, हातात आसूड. आणि तो आसूड स्वतःच्याच अंगावर. युरोपातील १३४९ चे आत्मताडक पंथीय येथे कोणालाही आठवावेत. तेही गावोगाव हिंडत, उघड्या अंगावर फटके मारून घेत, आणि देवाचा कोप शमविण्याचा दावा करीत. तुलना मोहक आहे; तिचा उपयोग मात्र साम्यापेक्षा भेद पाहण्यासाठी अधिक आहे. आत्मताडक हा स्वेच्छेने आणि मुदतीने त्या मिरवणुकीत येई. ख्रिस्ताच्या आयुष्याच्या वर्षांइतके, साडेतेहतीस दिवस पूर्ण झाले की तो आपल्या घरी, आपल्या धंद्याकडे परतत असे. त्याचा फटका त्याच्या स्वतःच्या पापाचा होता. या चळवळीने धर्मपीठाची मध्यस्थी ओलांडली म्हणूनच पोप सहावा क्लेमेंट याने ऑक्टोबर १३४९ मध्ये तिच्यावर बंदी घातली. पोतराजाला मुदत नाही. तो नवसाने वा वंशपरंपरेने त्या वेषात येतो, आणि तो मांग वा महार समाजातील असतो. तो फटका कोणाच्या पापाचा आहे? गावाच्या. गावाने आपले प्रायश्चित्त एका जातीकडे सोपविले आहे आणि मोबदल्यात सुपातले धान्य दिले आहे. येथे कोणते धर्मपीठ बंदी घालणार? बंदी घालण्यासारखे या विधीत काही नव्हते. त्याने कोणतीच सत्ता ओलांडली नव्हती. जी होती तिलाच तो वर्षानुवर्षे दृढ करीत होता.

युरोपात आणखी एक गोष्ट घडली जिचा उल्लेख टाळून ही तुलना प्रामाणिक होणार नाही. विहिरीत विष कालविल्याचा आरोप ठेवून ज्यूंची कत्तल करण्यात आली. स्ट्रासबुर्ग येथे १४ फेब्रुवारी १३४९ रोजी त्यांना जाळण्यात आले तेव्हा प्लेग त्या शहरात पोहोचलाही नव्हता. ज्यूदेखील या रोगाने मरत आहेत, असे पोपने बजावूनही उपयोग झाला नाही. आपल्याकडे अशी कत्तल झाली नाही, याचा अभिमान बाळगणारे लेखन अधूनमधून वाचावयास मिळते. त्या अभिमानाला या चर्चेतून एक अडचणीचा प्रश्न विचारता येतो. युरोपने संकटाच्या क्षणी दोषी शोधला, कारण त्याच्याकडे दोष वाहणारी कायमची यंत्रणा अपुरी होती. ज्या गावात ती यंत्रणा बारा महिने सज्ज होती, जेथे गाडा कोणी ओढावयाचा, आसूड कोणी मारून घ्यावयाचा, मेलेले जनावर कोणी ओढून न्यावयाचे हे जन्मानेच ठरलेले होते, तेथे दोषी शोधण्याची घाई कशासाठी व्हावी? हिंसा तेथेही होती. तिला घटनेचे रूप नव्हते, म्हणून तिची तारीख सांगता येत नाही.

एवढे लक्षात घेतले म्हणजे मराठीत 'डेकामेरॉन' का नाही या तक्रारीचे स्वरूप पालटते. बोकाचिओची दहा तरुण माणसे १३४८ च्या फ्लॉरेन्समधून बाहेर पडतात आणि गोष्टी सांगतात. कथेची चौकट म्हणून साथ वापरण्यासाठी तिला लौकिक घटना मानावे लागते. मराठीत साथीचा अनुभव दोन भाषांत वाटला गेला होता. लिहिणाऱ्यांच्या भाषेत ती देहविकार आणि वैराग्याचे निमित्त होती. न लिहिणाऱ्यांच्या भाषेत ती देवी होती, आणि त्या भाषेचे लेखन शब्दांत नव्हे तर पाठीवर होत होते.

प्रत्यक्ष गाठीचा प्लेग महाराष्ट्रात १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात उतरला आणि लवकरच पुण्यास पोहोचला, तेव्हा मराठीकडे वृत्तपत्रीय गद्य तयार होते. 'ग्रंथिक सन्निपात' असा वैद्यकी शब्दही वापरला गेला, पण टिकला तो 'प्लेग' हाच. या पर्वाचे जे लेखन सर्वांना ठाऊक आहे त्यात रोगापेक्षा घरझडतीच केंद्रस्थानी आहे. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडणाऱ्या दामोदर हरी चापेकरांचे तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त वाचताना हे जाणवते की तेथे साथ म्हणजे धर्माच्या शिवेचे सरकारने केलेले उल्लंघन आहे. शीव हा शब्द येथे पुन्हा येतो, आणि तो योगायोग नव्हे. याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले वारल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला दवाखान्यात आणताना त्यांना संसर्ग झाला, असे त्यांच्या चरित्रांत नोंदले गेले आहे. साथीला शिवेबाहेर ढकलण्याच्या व्याकरणात शिवेबाहेरच्या रोग्याला आत घेऊन येणे ही क्रिया बसत नाही. त्या कृतीसाठी मराठीला तेव्हा वाङ्मयप्रकार सापडला नाही. वाङ्मयेतिहासांत तिची नोंद चरित्राच्या शेवटच्या परिच्छेदात होते.

पोतराजाच्या पाठीवरचे लेखन कागदावर उतरण्यास त्यानंतरही पाऊण शतकाहून अधिक काळ जावा लागला. पार्थ पोळके यांचे 'आभरान' हे पोतराजाच्या घरात वाढलेल्या माणसाचे आत्मकथन आहे आणि त्याचे नावच पोतराजाच्या वेषावरून घेतलेले आहे. दलित आत्मकथनांच्या चर्चेत ते येते ते दारिद्र्य, अवहेलना आणि शिक्षणाची धडपड या परिचित सूत्रांखाली. ही सूत्रे खोटी नाहीत, पण त्यांच्यामुळे या पुस्तकाचे दुसरे नाते झाकले जाते. साथीच्या भीतीवर उभ्या राहिलेल्या विधीकडे तो विधी अंगावर वागविणाऱ्यांच्या घरातून पाहणारे हे मराठी पुस्तक आहे. रामदासांनी ज्या यादीतून एकेक पदवी उतरवून घेतली त्या यादीत ज्याला जागा सापडणे कठीण होते, तो येथे स्वतः बोलतो. आणि तो मृत्यूच्या समतेविषयी बोलत नाही, कमरेचा वेष उतरविण्याविषयी बोलतो. तौलनिक अभ्यासकाने पॅरिसच्या भिंतीसमोर 'दासबोधा'चा समास ठेवून थांबण्याऐवजी 'आभरान' ठेवून पाहावे. नांगर धरणाऱ्या त्या एका आकृतीला मृत्यूने जे सांगितले, त्यावर शेतकऱ्याचे म्हणणे काय होते हे मग विचारता येईल.